पुस्तक कुठवर मळलं?

मिटलेलं पुस्तक आडवं धरा आणि कण्याच्या समोरची, पानं उलटायची कड बघा. गावच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकाच्या या कडेवर एक मळकट पट्टा असतो. थुंकी लावून पान उलटणारी बोटं, खर्रा घोटलेला तळवा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, सगळं त्यात जमा होतं. हा पट्टा पहिल्या पानापासून सुरू होतो आणि कुठेतरी संपतो. त्यापुढची पानं छापखान्यातून आली तशी पांढरी. 240 पानांच्या पुस्तकाचा पट्टा साठाव्या पानाशी संपत असेल, तर देवघेवीच्या रजिस्टरात कितीही सह्या असोत, बहुतेक वाचक तिथंच उतरून गेलेले असतात. अभिप्राय वहीत मात्र त्याच पुस्तकापुढे 'छान', 'बोधप्रद', 'संग्रही असावे' असं लिहिलेलं सापडतं. वहीवर विश्वास ठेवायचा की कडेवर, हे ग्रंथपालानं ठरवायचं.

नावाजलेल्या पुस्तकाबद्दल मत मागितलं की वाचक ऐकीव मत परत देतो. वर्तमानपत्रात काय आलं होतं, पुरस्कार कोणता मिळाला, गुरुजी काय म्हणाले, एवढंच. अनोळखी पुस्तकाला हा टेकू नसतो. त्याच्याबद्दल आधी कुणी काही बोललेलंच नसतं, म्हणून वाचकाला स्वतःच्या माहितीवर उभं राहावं लागतं, आणि खेड्यातल्या वाचकाजवळ माहिती भरपूर असते. जमीन, पाणी, जनावर, जंगल, नातीगोती, पंचायतीतले डाव, यातलं काहीतरी त्याला लेखकापेक्षा जास्त ठाऊक असतं. तो बिचकतो फक्त ते लिहायला. म्हणून आडवळणाच्या पुस्तकांवरची मतं गोळा करायची तर आधी विचारण्याची रीत बदलावी लागते.

'पुस्तक कसं वाटलं?' हा प्रश्न पहिल्यांदा बाद करा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, कारण पुस्तक फुकट वाचायला दिलेल्या माणसासमोर त्याला नावं ठेवणं वऱ्हाडी माणसालाही जड जातं. त्याऐवजी पोस्टकार्डाच्या आकाराची चिठ्ठी पुस्तकात ठेवायची आणि तिच्यावर नेमकं विचारायचं. कोणत्या पानावर थांबलात? थांबण्याचं कारण पुस्तकात होतं की वावरात? पुस्तकातली कोणती गोष्ट तुमच्या माहितीशी जुळत नाही? कोणता भाग घरात कुणाला वाचून दाखवला? आणि गावात हे पुस्तक कोणाला द्यावं? यातला तिसरा प्रश्न सोन्याचा. चूक काढायला सांगितली की न लिहिणारा माणूसही पाठपोट चिठ्ठी भरतो.

चिठ्ठीवर नाव नको, काम हवं. 'कास्तकार, 5 एकर कोरडवाहू', 'अंगणवाडी सेविका', 'बारावी, कला', 'ढीवर, तलावावर मासेमारी' असं. गाव लहान असलं की कामावरूनही माणूस ओळखू येतो, तिथं नुसतं 'शेती' पुरे. मत कोणाचं आहे यापेक्षा ते कुठून आलं आहे हे कळणं गरजेचं असतं. दुसरी काळजी म्हणजे चिठ्ठ्या पुस्तकात राहू द्यायच्या नाहीत. पहिल्या वाचकानं 'कंटाळवाणं' लिहिलं की पुढचे तिघे तेच लिहितात. प्रत्येक पुस्तकाचं एक पाकीट करून चिठ्ठ्या त्यात टाकायच्या आणि चार-पाच झाल्या की एकदम उघडायच्या. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचा कंटाळा आहे त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं, तेही त्यांच्याच बोलीत. त्यांच्या 'काऊन'चं 'कशासाठी' करून लिहिलं की मताचा निम्मा जोर गेलाच.

वेळही बघावी लागते. मृग लागला की ऑगस्टपर्यंत पेरणी, डवरणी, निंदणी, फवारणी. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर. या काळात मोठं पुस्तक दिलं तर ते खुंटीवर लटकून परत येतं, आणि 'थांबलो' याचा अर्थ 'पुस्तक वाईट' असा लावणं अन्यायाचं. उलंगवाडी झाली की, म्हणजे पिकं निघून वावर रिकामं झालं की, फेब्रुवारी-मार्चपासून वाचणारा मोकळा होतो. एक अपवाद हरभरा-गहू ओलणाऱ्यांचा. रात्रीची लाइन असली की मोटर सुरू करून बांधावर बसलेला माणूस दोन तासांत चाळीस पानं वाचतो, पण त्याला छोटी प्रकरणं लागतात, कारण दर अर्ध्या तासानं दांडाचं पाणी वळवायला उठावं लागतं. 14 दिवसांची मुदत शहरातून आलेली आहे. वेचणीत ती महिन्याची करावी आणि दंड विसरून जावा.

आता पुस्तकांकडे येऊ.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गांव-गाडा' 1915 सालचं. लेखक महसूल खात्यातला, नगर-पुण्याकडची खेडी आतून पाहिलेला. कुणबी, बलुतेदार, वतनं, गावात येणारे फिरस्ते, सावकारी, सणवार, मानपान, असा गावाच्या खर्चाचा नि कष्टाचा हिशेबच त्यानं मांडला आहे. अभ्यासकांमध्ये पुस्तकाचं नाव मोठं, खेड्यात मात्र ते फारसं कुणी उघडत नाही. उघडणाऱ्याची पहिली अडचण भाषा. शंभर वर्षांपूर्वीचं कचेरीतलं मराठी, लांब वाक्यं, फारसी शब्द. म्हणून पहिल्या पानापासून वाचायला देऊ नये. कारू-नारूंचं प्रकरण आधी द्यावं. सुतार-लोहार-न्हावी-कुंभार यांच्या कामाचे नि हक्काचे तपशील आले की साठीच्या पुढचे वाचक पानाच्या समासात बोलायला लागतात. त्यांच्या लहानपणापर्यंत यातलं बरंच चालू होतं.

मग दुसऱ्या थराची मतं येतात. वऱ्हाडातला चौकस वाचक विचारतो, हे आपल्या गावाचं आहे का? प्रश्न रास्त आहे. आत्रे लिहितात तो मुलूख मुंबई इलाख्यातला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात, नावाला निजामाचं, 1902 ला कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं आणि मग मध्य प्रांताला जोडलेलं. इथं रयतवारी होती, म्हणजे सारा थेट कास्तकाराकडून, पण वर्धा नदी ओलांडली की मालगुजारी. भंडारा-चांद्याकडच्या (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर) गावात मालगुजार नावाचा जो माणूस सगळं ठरवायचा, तो आत्र्यांच्या गावगाड्यात सापडायचा नाही. शिवाय कापसामुळे वऱ्हाडात नगदी पैसा लवकर खेळायला लागला आणि बलुत्याची घडी त्या मानानं लवकर विसकटली. म्हणजे पूर्वेकडच्या वाचकानं हे पुस्तक शेजारच्या घरचा जमाखर्च वाचावा तसं वाचायचं. जुळेल ते घ्यायचं, न जुळेल तिथं आपल्याकडचं लिहून ठेवायचं.

तिसरं मत सगळ्यांत कडक आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. भटक्या जमातींबद्दल आत्रे ज्या सुरात लिहितात तो सूर त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्याचा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं त्यांच्या लेखी गावाला पडलेला भार आहेत. हा कायदा 1952 ला गेला, पण अमरावती-अकोला-यवतमाळकडच्या पारधी बेड्यावर वाढलेल्या, शिकलेल्या पोराच्या हाती 'फिरस्ते' हे प्रकरण वाचायला दिलं तर तो ते पुरावा म्हणून वाचतो. कुणब्याला ज्या पानांवर 'अगदी बरोबर' वाटतं, तिथंच तो संतापतो. ही दोन्ही मतं एका पाकिटात राहिली पाहिजेत. त्यातलं एक काढून पुस्तकाला थोर किंवा टाकाऊ ठरवणं हा आळस आहे.

मतभेद जपून ठेवण्याची रीत या मातीला नवी नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्याचं 'लीळाचरित्र' झालं. आठवण ज्याची त्याला जाऊन विचारायची, हे त्यांचं काम. पुढे एखादी लीळा दोघांच्या स्मरणात वेगळी असली तर महानुभावांनी दोन्ही पाठ नोंदवले, कुणाचा कोणता ते सांगून. गद्यातला मराठीचा हा आद्य ग्रंथ वऱ्हाडात तयार झाला आणि आज वऱ्हाडातल्या बहुसंख्य वाचनालयांत तो कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर असतो. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, साहित्य संस्कृती मंडळानं 1978 ला काढलेली आवृत्ती इतकी जाड आहे की लोक ती बघूनच मागे फिरतात.

ती सलग वाचायची नसतेच. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग, त्यात सुट्या लीळा, कितीतरी लीळा अर्ध्या पानाच्याही नाहीत. दिवसाला दोन, मोठ्यानं. जुनी रूपं डोळ्यांना अडतात पण कानाला तेवढी अडत नाहीत. मेहकर, लोणार, आळजपूर ही नावं आली की ऐकणारा सरसावून बसतो. आळजपूर म्हणजे आजचं अचलपूर, एवढं सांगितलं की पुरतं. वाचकांची मतं इथं दोन तऱ्हेची पडतात. महानुभाव घरातला वाचक हा ग्रंथ पोथी म्हणून हाताळतो, त्याबद्दल 'मत' देणंच त्याला प्रशस्त वाटत नाही. त्याला चिठ्ठी देऊ नये. बाकीच्यांना त्यातलं रोजचं जगणं दिसतं, खाणंपिणं, वाटा, नदी उतरणं, रुसवेफुगवे, आणि आठशे वर्षांपूर्वीची माणसं इतकं साधं बोलत होती याचा अचंबा. या दुसऱ्या वाचकाला पुस्तकात एकच उणीव जाणवते आणि ती खरी आहे. शेवटची शब्दसूची सारखी उलटावी लागते. तिच्या झेरॉक्स काढून वेगळ्या शिवून दिल्या की वाचणाऱ्याचा वेग दुपटीनं वाढतो.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध 1882 चा. पुस्तक लहान, एका दुपारचं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर जे लिहून यायला लागलं, त्याला हे उत्तर आहे. जे दोष बायकांना चिकटवता ते पुरुषांत दामदुपटीनं आहेत, हे ताराबाई एकेक दोष घेऊन दाखवत जातात, आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या बायकांचीही खबर घेतात. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे पुस्तक जवळजवळ नाहीसं झालं होतं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापून आणलं.

या पुस्तकाची कड बघण्यासारखी असते, कारण ती सगळी सारखी मळते. कुणी मध्येच सोडत नाही. चिठ्ठ्या मात्र कमी येतात. बचत गटातल्या बायका पुस्तक नेतात, एकीकडून दुसरीकडे परस्पर देतात, रजिस्टरात एकच सही आणि वाचलेलं आठ जणींनी. लेखी मत मागितलं तर सासरच्या गावात लिहून कोण देणार? इथं चिठ्ठीचा आग्रह सोडावा आणि गटाच्या मासिक बैठकीत कोणता भाग वाचला गेला एवढंच टिपावं. बायकांकडून एक हरकत हमखास निघते. ताराबाईंचा राग पटतो, पण त्या बोलतात ते बहुतेक वरच्या जातींतल्या, घरात कोंडलेल्या बाईबद्दल. निंदायला जाणाऱ्या बाईचं काय? कुणबी-तेली-महाराच्या घरात पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत होता, तिथं विधवेचा प्रश्न वेगळ्या अंगानं यायचा. ही हरकत विद्यापीठातल्या चर्चासत्रात ऐकू येते तेव्हा तिला संदर्भांची झूल असते, वावरातून आलेली बाई तीच गोष्ट एका वाक्यात सांगते. पुरुष वाचकांचं मत ठरलेलं, 'तेव्हा तसं होतं'. ते लिहून घ्यावं, वाद घालू नये.

शेतीच्या पुस्तकांवरची मतं सगळ्यांत काटेकोर. मासानोबु फुकुओका या जपानी शेतकऱ्याचं काडाच्या क्रांतीचं पुस्तक (इंग्रजीत 'द वन-स्ट्रॉ रेव्होल्यूशन') मूळ 1975 चं, जगभर गाजलं आणि मराठीतही आलं. नांगरट नको, रासायनिक खत नको, निंदण नको, औषध नको, एवढी त्याची शिकवण. भात कापायच्या आधीच त्यात क्लोव्हर आणि सातूचं बी फेकायचं, कापणी झाली की भाताचं सगळं तणीस न कापता शेतावर परत पसरायचं. बी पाखरांनी खाऊ नये म्हणून मातीच्या गोळ्यांत घालायचं. वाचताना कुणीही भारावून जातं. नंतर कोरडवाहू कास्तकार पेन्सिल घेऊन बसतो.

त्याची पहिली हरकत कडब्याची. काड शेतावर पसरा म्हणणं सोपं, पण इथं ज्वारीचा कडबा नि तुरी-सोयाबीनचं कुटार हा बैलाचा उन्हाळ्याचा चारा आहे. तो वावरात टाकला तर एप्रिलमध्ये बैलाला काय घालायचं? ट्रॅक्टरवाल्याला ही अडचण नाही, बैलजोडीवाल्याला आहे. म्हणजे पुस्तक कोणाच्या उपयोगी हे जोडीवर ठरतं. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचं, म्हणाल तर ती तशीच पसरून भागत नाही, लाकडागत असते, बारीक केल्याशिवाय कुजत नाही, आणि तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून पुढच्या हंगामाला येते. कृषी विभाग पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावायला सांगतो तो त्यासाठीच. दुसरी हरकत पावसाची. फुकुओकांचं शिकोकू बेट वर्षभर कमीजास्त पाऊस घेणारं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, त्यानंतर आठ महिने जमीन उघडी पडून भेगाळते. ओल नसली तर काड कुजत नाही, नुसतं वाळतं आणि उधई, म्हणजे वाळवी, गोळा करतं. तिसरी हरकत काळ्या मातीची. चिकण, पाणी धरणारी, डवरा न मारता सोडली तर तण कापसाला दाबून टाकतं.

म्हणून पुस्तक बाद झालं का? नाही. धुऱ्यावर, फळबागेत, संत्र्याच्या ओळींमध्ये आच्छादन करून बघितलेले वाचक वेगळं सांगतात. आच्छादनाखाली ओल टिकते, पाण्याची पाळी लांबवता येते, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर संत्र्याला बुरशी धरून डिंक्या होतो. हे वाक्य जपानी शेतकऱ्याच्या पुस्तकात असायचं काही कारण नाही. ते वरूड-मोर्शीच्या वाचकाचं आहे आणि चिठ्ठीतून पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर चिकटवलं गेलं पाहिजे. पुढचा वाचक पुस्तक उघडेल तेव्हा त्याला दोन लेखक भेटतील.

असंच मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची'चं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं सर्वसहमतीनं कारभार कसा चालवला, अभ्यासगट कसे बसवले, जंगलावरचा सामूहिक हक्क कसा मिळवला, याची ही हकीकत. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा पुस्तकापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. ग्रामसेवक, सरपंच, पंचायतीचे सदस्य यांना हे पुस्तक आवर्जून द्यावं, पण त्यांच्या चिठ्ठ्या जपून वाचाव्यात. 'आदर्श' हा शब्द आला की समजावं, वाचलेलं नाही. ज्यानं वाचलं तो विचारतो की मेंढा लहानसं, सगळी घरं गोंडांची. आमच्या गावात पाच जाती, तीन पक्ष, दोन पाणंदींचे वाद नि एक कोर्टात गेलेलं प्रकरण. एकजण नाही म्हणाला तर निर्णय थांबवायचा, हा नियम इथं लावला तर घंटागाडीही ठरणार नाही. यावर पूर्व विदर्भातल्या वाचकांचं उत्तर असतं की सहमती गावभराची जमत नसेल तर टोल्याची, म्हणजे वस्तीची, करा, एका विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची करा. दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना ठाऊक नसताना लिहिलेल्या असतात, आणि एकत्र वाचल्या की ग्रामसभेला विषय मिळतो.

गडचिरोलीकडचीच आणखी दोन. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' झाडं आणि तिथल्या बायका यांच्या नात्याबद्दल आहे. ते वाचून दाखवायचं पुस्तक आहे. मोहफूल वेचणाऱ्या, तेंदूपानाचे 70-70 पानांचे पुडे बांधणाऱ्या बाईला एकेका झाडाचं प्रकरण ऐकवलं की ती आपल्या टोल्यातला वापर सांगते, तो पुस्तकातल्यापेक्षा वेगळा असू शकतो. चिठ्ठीवर झाडाचं तिथलं नाव, कोणता भाग, कशासाठी, एवढं टिपावं. औषधी उपयोग कुणी सांगितला तर तो 'ऐकीव' असा शिक्का मारूनच ठेवावा, करून बघायला म्हणून पुढे देऊ नये. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी मात्र अकोला-बुलढाण्याचा वाचक चित्तथरारक म्हणून नेतो आणि भामरागडकडचा वाचक तिच्याबद्दल बोलायलाच राजी नसतो. त्याच्या गप्प बसण्याला कारणं आहेत. त्याला खोदून विचारू नये.

बोलीतल्या पुस्तकांचं प्रकरण निराळं. परतवाड्याला 1916 मध्ये जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचं नाव गडकोटांमुळे सगळ्यांना ठाऊक, पण त्यांची 'पूर्णामायची लेकरं' ही वऱ्हाडी कादंबरी पूर्णाकाठच्या गावांतही अनेकांनी ऐकलेली नसते. वाटतं की आपली बोली आहे म्हणजे लोक तुटून पडतील. होतं उलटं. शाळेत पुस्तकी मराठी वाचायची सवय लागलेली असते, छापलेली वऱ्हाडी समोर आली की डोळा अडखळतो. डोळ्याचं 'डोया' आणि काळ्याचं 'काया' बोलताना सहज येतं, वाचताना दोनदा बघावं लागतं. पहिली वीस पानं कुणीतरी मोठ्यानं वाचायची, मग पुस्तक हातात द्यायचं. कानानं एकदा लय पकडली की पुढे अडचण येत नाही. वाचणारा निवडताना नाटकी आवाजाचा माणूस टाळावा. तो बोलीची नक्कल करतो आणि ऐकणारे हसायला लागतात, जिथं हसायचं नाही तिथंसुद्धा. पुरुषोत्तम बोरकरांच्या वऱ्हाडी कादंबऱ्यांना मात्र असा वाचणारा चालून जातो, तिथं हशा लेखकालाच हवा आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' 1960 ची, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली, म्हणून तिला अनोळखी म्हणवत नाही. तरी खेड्यातली मतं वेगळी आहेत. समीक्षा कौतिकच्या सोसण्याबद्दल बोलते, शिवणकाम करणारा वाचक आधी मशीन, गिऱ्हाईक नि उधारी बघतो. भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान' या कवितासंग्रहावर मतं येतच नाहीत म्हणा ना. गोंडी आणि गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतले शब्द आले की बाकीचे वाचक पुस्तक ठेवून देतात. तांड्यावरच्या किंवा गोंड घरातल्या कॉलेजच्या मुलाला एकेक कविता देऊन शब्दांचे अर्थ कडेला पेन्सिलनं लिहायला सांगावं. पेनानं नको, अर्थ बदलतात.

मत जमा होण्याआधी पुस्तक टिकलं पाहिजे. ही पुस्तकं बहुधा एकाच आवृत्तीची, बाजारात न मिळणारी. गमानं चिकटवलेली बांधणी विदर्भाच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. 45 अंशांवर टिनाच्या खोलीत गम आधी मऊ पडतो, मग वाळून तडकतो आणि पुस्तक मधोमध उलगडतं. जमेल तिथं शिवण-बांधणीची प्रत घ्यावी. गमाची फुटलेली प्रत दुरुस्त करता येते. पानं ठोकून सारखी करून दोन फळ्यांत घट्ट आवळायची, कण्यावर बारीक करवतीनं दोन-तीन मिलिमीटर खोल अशा पाच-सहा खाचा घ्यायच्या, त्यात जाड सुती दोरा बसवायचा, वरून फेविकॉल आणि मांजरपाटाची पट्टी. रात्रभर फळ्यांतून काढायचं नाही. फाटक्या पानांना सेलोटेप लावू नये, तो वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडून अक्षरंच घेऊन निघतो. पातळ कागद आणि खळ वापरावी. 100 ग्रॅम मैदा अर्धा लिटर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर सतत हलवत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवावं आणि पोरांच्या हाती लागू देऊ नये. ते न घातलेली खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलं आणि पायाखाली विटा दिल्या की उधई निदान येताना दिसते.

खरेदीचं एक दुखणं सांगायलाच हवं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान आलं, आणि अनुदानाबरोबर वर्षअखेरची घाईची खरेदीही आली. मार्च जवळ आला की विक्रेत्याच्या यादीतून ढीग उचलला जातो. त्यात लेखकानं स्वखर्चानं छापलेले कवितासंग्रह, स्पर्धा परीक्षेची जुनी मार्गदर्शकं आणि त्याच त्या थोरांची चरित्रं. चिठ्ठ्यांची पाकिटं जवळ असली तर खरेदी समितीसमोर ती ठेवता येतात. 'कोणाला द्यावं' या रकान्यात तीन वेळा 'सुईणीला', 'मासेमारी सोसायटीला' असं आलं असेल, तर पुढची यादी कोणत्या विषयाची हवी ते आपोआप कळतं. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, बरीच संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात. छापून घेताना पाठपोट घ्यावीत आणि अक्षर बारीक करू नये. वाचणाऱ्यांत चाळिशी लागलेलेच जास्त असतात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या उलंगवाडीला सहापेक्षा जास्त पुस्तकं काढू नयेत. 'स्त्रीपुरुष तुलना'च्या दोन प्रती, एक परस्पर फिरणार हे धरून. शेतीचं एक, तेही वाद होईल असं. मेंढ्याची गोष्ट ग्रामसभेच्या आधी. 'पूर्णामायची लेकरं' वाचून दाखवायला, पण पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याबाहेरच्या गावात तिच्याऐवजी तिथल्या बोलीचं काही मिळालं तर ते. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीतलं लेखन शोधावं, आणि तलावाकाठच्या गावांत मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' ढीवरांच्या हाती द्यावं. पाखरांची, माशांची, पाणवनस्पतींची नावं ते लगेच तपासून देतात. 'लीळाचरित्र' सहामाहीनंतर, शब्दसूची तयार झाल्यावर. आणि 'गांव-गाडा' सगळ्यांत शेवटी, कारण त्यावरच्या चिठ्ठ्या भांडण लावतात, आणि चिठ्ठ्या लिहिण्याची सवय लागण्याआधी भांडण लागलं तर पाकिटं रिकामीच राहतात.